काचेचं विरजण

नांदेडच्या फलाटावर आईने माझ्या हातात विरजणाची डबी दिली आणि बजावलं, "पोचल्यावर लाव. लावल्यावर भांडं हलवायचं नाही, सारखं उघडून बघायचं नाही." वडील म्हणाले, "दोन वर्षं नोकरी कर, मग परत ये." एमएस्सी होऊन मी हैदराबादला निघाले होते. वडिलांचं मी ऐकलं नाही. आईचं ऐकलं, तेही प्रयोगशाळेत.

अर्जुन, मीरा, माझ्या नातवंडांनो, तुम्हाला मराठी वाचायला जड जातं. मला इंग्रजी तुमच्या बाबापेक्षा बरं येतं, तरी हे मराठीतच लिहिणार. अडलात तर त्याला वाचायला बसवा.

माझं काम चष्म्याच्या काचांचं. उन्हात निळी होणारी आणि सावलीत पुन्हा स्वच्छ होणारी काच. त्यातल्या रंगाच्या रेणूला अंग पसरायला जागा लागते. निव्वळ काचेत तो अवघडतो, निव्वळ प्लास्टिकवर ओरखडे पडतात. म्हणून दोन्हींचा कच्चा माल पातळ असतानाच एकत्र करायचा. तो दह्यासारखा घट्ट होतो. मग भोकं पाडलेल्या झाकणाखाली सावकाश वाळवायचा. घाई केली की तडा गेलाच.

मला इथं तीस वर्षं होत आली होती; तेलंगण वेगळं होण्याच्या त्या वर्षांत सारखे बंद असायचे. मालकांनी कारखाना आंध्रात न्यायचं काढलं होतं. मोठं गिऱ्हाईक नमुने बघायला येणार होतं, ऑर्डर मिळाली तर इथंच राहू, असं ते म्हणाले. नमुन्याच्या माझ्या काचेच्या चकत्या बंदच्या दिवसांत निवांत वाळत पडल्या होत्या. मालकांना मात्र दम निघेना.

"मॅडम, परसों पार्टी आरी. भट्टी में सुखा देव ना!"

"नक्को साहेब. फूट जाते."

"तुम मराठे लोगां बड़े जिद्दी हैं जी!"

"उसीच जिद की तनखा देते आप."

अर्ध्या चकत्या त्यांनी स्वतः भट्टीत घातल्या. आटलेल्या तळ्यासारख्या तडकल्या सगळ्या. माझ्या उरलेल्या आम्ही गिऱ्हाइकाला दाखवायला गच्चीवर नेल्या. उन्हात निळ्या झाल्या आणि पदराखाली धरताच निवळल्या. ऑर्डर मिळाली, तरी मालकांनी शब्द फिरवलाच. "चलो मॅडम, वहाँ क्वार्टर देतूं." मी गेले नाही.

भावाचा नांदेडहून फोन आला, "ताई, राज्य फुटलं, कारखाना गेला. आता तरी ये. तिथं आपलं कोण आहे?"

"मी आहे ना," म्हटलं.

दिलसुखनगरच्या आपल्या घराच्या मागच्या खोलीत मी पुन्हा मिश्रण लावलं. सुलतान बाजारातला चष्मेवाला आज माझ्याच काचा विकतो. हाताखाली दोन मुली आहेत, त्या मला अम्मम्मा, म्हणजे तेलुगूत आजी, म्हणतात. रुसू नका, तुमची आजी वाटून संपणारी नाही.

सोबत एक चकती पाठवते आहे. खिडकीत ठेवा. ऊन तुमच्या तिकडचं असलं तरी निळी होईल. घडली मात्र ती इथं, माझ्यासारखीच. आणि बाबा पुन्हा म्हणाला, "आजीला आता इकडेच आणू," तर त्याला सांगा, विरजण लागलंय. भांडं हलवायचं नाही.