मी शाळा बोलते आहे

डोंबिवली पूर्वेच्या त्या शाळेतल्या कुठल्याही पालकाला विचारलं, आसावरी बिवलकर म्हणजे कोण, तर तो म्हणायचा, "त्या फळा लिहिणाऱ्या बाई ना?" बाई मराठी शिकवतात आणि सव्वीस वर्षं शिकवताहेत, हे त्याला मागाहून आठवायचं. शाळेत शिरलं की जिन्याशेजारच्या भिंतीवर एक मोठा फळा होता. पंधरा ऑगस्ट, गुरुपौर्णिमा, वर्धापनदिन, अशा दिवशी तो फळा आसावरीच्या ताब्यात असायचा. ती आदल्या दिवशी रंगीत खडू पाण्यात बुडवून ठेवायची, म्हणजे अक्षर ठसठशीत उमटतं. कडेला वेलबुट्टी काढायची आणि मध्ये मनोगत लिहायची.

मनोगत हा आपल्या मराठी शाळांचा लाडका निबंध. ज्याला तोंड नाही त्याला बोलायला लावायचं. मी छत्री बोलते आहे, मी बंद पडलेलं घड्याळ बोलतोय, वगैरे. तो आपण सगळ्यांनी लिहिलाय आणि बहुतेकांनी गाईडमधून उतरवलाय, उगाच नाही म्हणू नका. आसावरीचं तसं नव्हतं. एका वर्षी तिने शाळेच्या घंटेचं मनोगत लिहिलं, तेव्हा पीटीचे सर, जे एरवी स्वतःच्या शिट्टीशिवाय कशानेही हलत नसत, जिन्याखाली डोळे पुसताना सापडले. इतिहास शिकवणारी देवयानी खरे ही तर तिची जिवाभावाची मैत्रीण. ती दर वेळी वाचून रडायची आणि वर आसावरीलाच दम द्यायची, "तुझ्यापायी माझं काजळ जातं."

शाळा एकच, पण संसार दोन. तळमजला आणि पहिला मजला मराठी माध्यमाचा, दुसरा आणि तिसरा इंग्रजीचा. वर तुकड्या वाढत होत्या, खाली बाकं रिकामी होत होती. यात दोष कोणाला द्यायचा? आसावरीचा स्वतःचा मुलगा अद्वय इंग्रजी माध्यमात शिकला होता आणि आता बंगळुरात नोकरीला होता. तेव्हा त्या बाबतीत तिने कधी मोठ्या आवाजात काही म्हटलं नाही. हा तिचा प्रामाणिकपणा म्हणा किंवा पंचाईत.

दिवाळीच्या सुट्टीनंतर संस्थेच्या चिटणीसांनी शिक्षकांच्या खोलीत येऊन सांगितलं की पुढच्या वर्षीपासून मराठी विभाग बंद. ज्या शिक्षकांना वरच्या मजल्यावर यायचं असेल त्यांनी इंग्रजीची एक मोठी परीक्षा द्यावी, परदेशी विद्यापीठाची, प्रगत पातळीची. पास झालात तर या. नाहीतर संस्था मानाने निवृत्ती देईल. एवढं बोलून ते चहा न घेता गेले.

खोलीत रडारड झाली. कोणी संस्थेच्या नावाने बोटं मोडली, कोणी सरकारच्या. आसावरीला काहीच झालं नाही. दात काढण्याआधी डॉक्टर हिरडीत इंजेक्शन देतात, मग आपलाच गाल आपल्याला परका वाटतो, तसं तिचं झालं. बोट लावलं तर गाल आहे, पण आपला नाही. ती उठली, आठवीच्या वर्गावर गेली आणि राहिलेलं व्याकरण पुरं केलं.

घरी तिचा नवरा सुधीर म्हणाला, "घे ना निवृत्ती. माझंही बँकेतलं दोन वर्षांत संपतंय. हिंडूफिरू."

"मला वर्गात उभं राहायचंय," आसावरी म्हणाली.

"इंग्रजीतून?"

"कशातूनही."

हे मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. समोर पोरं आणि हातात खडू, याखेरीज तिला आयुष्यात दुसरं काही येत नव्हतं. मे महिन्याच्या सुट्टीत पंधरवड्यानंतर ती भाजीवाल्याचंही शुद्धलेखन तपासायला लागायची. निवृत्ती म्हणजे तो मे महिना, न संपणारा. म्हणून परीक्षा.

क्लास ठाण्याला कोपरीत होता, एका फरसाणवाल्याच्या वर. शिकवणारा स्वानंद तिशीतला, हसतमुख, कायम घाईत. बाकीची मुलं विशीतली, नर्स, इंजिनीअर, सगळी परदेशी निघालेली. पहिल्याच दिवशी शेजारच्या ऐश्वर्या नावाच्या नर्सने विचारलं, "काकू, तुम्ही पण कॅनडा?"

"नाही गं. दोन मजले वर."

ऐश्वर्याला काही कळलं नाही, पण ती हसली.

स्वानंदने आधी लेखनाचे प्रकार फळ्यावर लिहिले. निबंध, अहवाल, प्रस्ताव, परीक्षण, पत्र. प्रत्येकाचा साचा वेगळा. निबंधात दोन्ही बाजू मांडायच्या आणि शेवटी हळूच एकीकडे कलायचं. अहवालात आधी उद्देश, मग सद्यस्थिती, मग शिफारशी. प्रस्तावही तसाच, फक्त थोडा गळ घालणारा. पत्र कोणाला आहे यावर त्याचा पोशाख ठरायचा. आसावरीने सगळं नीट उतरवून घेतलं. तिला इंग्रजी चांगलं येत होतं, वाचन होतं. तिला वाटलं, हे काही अवघड नाही.

पहिला सराव अहवालाचा होता. गावातल्या वाचनालयाच्या सोयींबद्दल नगरपालिकेला अहवाल लिहा. आसावरीने लिहायला घेतलं आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने पेन जिथे वळायचं तिथे वळलं. मी एक वाचनालय आहे. चाळीस वर्षं मी एकाच जागी बसून आहे, आणि माझ्याकडे येणारी माणसं हल्ली फक्त पंख्याखाली बसायला येतात. असं सगळं, इंग्रजीतून. हे फक्त मराठी शाळेतल्या बाईच करू जाणे.

स्वानंदने वाचलं. तो हसला, पण वाईट हसला नाही. "मॅडम, लँग्वेज एकदम मस्त आहे. पण हा रिपोर्ट आहे ना. यात लायब्ररी नाही बोलत."

"मग कोण बोलतं?"

"कोणीच नाही. तीच तर गंमत आहे. इट इज रेकमेंडेड दॅट. शिफारस करण्यात येते. कोण करतं ते विचारायचंच नाही. तुम्ही यातून बाजूला व्हा, मार्क्स आपोआप येतील."

दुसऱ्या कोणी हे सांगितलं असतं, किंवा वर्षभरापूर्वी सांगितलं असतं, तर आसावरी भांडली असती. लिहिणाऱ्यानेच बाजूला व्हायचं तर लिहायचं कशाला, असं तिने ठणकावून विचारलं असतं. पण आता बाजूला होणं तिला सोपं होतं, कारण ती आधीच बाजूला झालेली होती. दुसऱ्या आठवड्यात तिचे अहवाल सुधारले. मग प्रस्ताव. जिममध्ये काय सुधारणा हव्यात, तरुणांसाठी केंद्र कुठे उघडावं. तिने आयुष्यात जिमचं दार उघडलेलं नव्हतं, तरी तीन शिफारशी ठोकून दिल्या. न पाहिलेल्या उपाहारगृहाचं परीक्षण लिहिलं, न गेलेल्या सहलीबद्दल तक्रारीचं पत्र लिहिलं. काही वाटत नसताना किती व्यवस्थित लिहिता येतं, याचं तिला पहिल्यांदा नवल वाटलं, मग तेही वाटेनासं झालं. ऐश्वर्या तिच्या वह्या मागून नेऊ लागली.

शाळेतून फक्त तीच परीक्षेला बसत होती. देवयानीने निवृत्तीचा अर्ज देऊन टाकला होता. "मला जमायचं नाही," ती म्हणाली, "आणि जमलं तरी वर गेल्यावर मला पोरं मिस म्हणणार. या वयात कुठे मिस होऊ?" आसावरीने हसायला हवं होतं. तिने मान डोलावली.

फेब्रुवारीत स्वानंदने सराव दिला, तुमच्या परिसरातली एखादी सोय पुरेशी वापरली जात नाही, तिचं काय करावं, प्रस्ताव लिहा. म्हणाला, माहितीतला विषय घ्या, बनावट लिहू नका. आसावरीने आपलीच शाळा घेतली. उद्देश, सद्यस्थिती, शिफारशी. पटसंख्या घसरली आहे. खोल्यांचा पुरेसा उपयोग होत नाही. तळमजल्यावरच्या खोल्या वाढत्या विभागाला द्याव्यात, अशी शिफारस करण्यात येते. ग्रंथालयातली जुनी पुस्तकं इतरत्र हलवता येतील. प्रवेशद्वाराजवळच्या भिंतीवर फळ्याच्या जागी डिजिटल पडदा बसवल्यास पालकांना सूचना अधिक परिणामकारकपणे देता येतील.

स्वानंदने तो सगळ्या वर्गाला वाचून दाखवला. "बघा, याला म्हणतात टोन. कुठे रडगाणं नाही." आसावरी खाली उतरली, फरसाणवाल्याकडे पावशेर शेव घेतली आणि घरी गेली.

सुधीरने तो कागद शेवेच्या पुडीशेजारी पडलेला पाहिला आणि वाचला. दोनदा वाचला. तो तसा चेष्टेखोर माणूस, काहीतरी बोलेल म्हणून ती थांबली.

"हे तू लिहिलंस?"

"अरे, त्याचा फॉरमॅटच तसा असतो."

"फळा काढायचा, हेही फॉरमॅटमध्ये असतं?"

"तीन शिफारशी लागतात. दोनच होत होत्या."

सुधीरने कागद घडी करून ठेवला. त्या दिवशी त्याने शेव खाल्ली नाही, आणि आसावरीला त्याचं कारण कळूनही ते तिच्यापर्यंत पोचलं नाही. तिने आमटीत मीठ बरोबर आहे ना, तेवढं विचारलं.

परीक्षा मार्चमध्ये झाली. निकाल एप्रिलमध्ये आला आणि तो झकास होता. लेखनात तर सगळ्यांत वरचे गुण. चिटणीसांनी तिला बोलावून पेढा दिला. "जूनपासून सातवी आणि आठवी तुमची, तिसऱ्या मजल्यावर. तुम्ही संस्थेची शान राखलीत, बिवलकर बाई." मग त्यांनी आठवण करून दिली की एक मेला मराठी विभागाचा निरोपाचा कार्यक्रम आहे, आणि फळा अर्थातच तुमच्याकडे. शाळेचंच मनोगत होऊन जाऊ द्या.

एक मे म्हणजे महाराष्ट्र दिन. सकाळी झेंडावंदन, त्यानंतर निकालवाटप, अशी शाळेची रीत. त्याच दिवशी मराठी विभाग बंद करण्यात काही चुकतंय, हे संस्थेत कोणाच्याही लक्षात आलं नाही. आसावरीच्याही आलं नाही, ते देवयानीने सांगितलं.

आदल्या दिवशी दुपारी आसावरीने खडू भिजवले. देवयानी स्टुलावर चढून कडेची वेल काढून देत होती. आसावरीने वर मोठ्या अक्षरांत मथळा लिहिला, मी शाळा बोलते आहे. अक्षर नेहमीसारखंच देखणं आलं. मग तिने खडू बदलला आणि पहिली ओळ लिहिली. या शाळेची स्थापना परिसरातील मुलांना मातृभाषेतून शिक्षण मिळावे या उद्देशाने करण्यात आली. ती थांबली. पुसली. दुसरी लिहिली. गेल्या काही वर्षांत पटसंख्येत घट झाल्याचे दिसून येते. तीही पुसली.

तिने डोळे मिटून जुन्या युक्त्या करून पाहिल्या. घंटा आठवली, दहावीच्या वर्गातलं ते डगमगणारं बाक आठवलं, पहिल्या वर्षी तिला बघून भोकाड पसरणारा दगडू आठवला, जो आता कल्याणला रिक्षा चालवतो आणि भाडं घेत नाही. सगळं दिसत होतं. त्यातलं काही बोलत नव्हतं. ज्याला तोंड नाही त्याला बोलायला लावणारी ही बाई, आणि आज तिच्याच तोंडी शिफारस करण्यात येते. आसावरी घाबरली. सहा महिन्यांत तिला पहिल्यांदाच काहीतरी वाटलं आणि ते हे होतं.

"उद्या सकाळी लिहीन," ती म्हणाली. देवयानीने तिच्याकडे पाहिलं आणि स्टूल जागेवर ठेवलं.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली आणि खडू घेऊन उभी राहिली. पोरं यायला लागली, पालक आले, झेंडा वर गेला. फळ्यावर मथळा, चारी बाजूंनी वेल, आणि मध्ये लखलखीत काळं. काही नाही.

चिटणीस पाहुण्यांना घेऊन आले. मथळा वाचून ते थबकले. त्यांनी खाली पाहिलं, पुन्हा वर पाहिलं आणि ते आसावरीकडे वळले. "शाळा बोलते आहे, आणि शब्दच नाहीत. काय सुचलंय, बाई." पाहुण्यांनी मान हलवली. एका आईने पदर डोळ्यांना लावला. पीटीचे सर तोंड फिरवून जिन्याखाली गेले. माजी विद्यार्थी फळ्यासमोर उभे राहून फोटो काढू लागले, आणि जो तो येऊन आसावरीला सांगू लागला की बाई, इतक्या वर्षांतला हा सगळ्यांत भारी. ती प्रत्येकाला हो म्हणत राहिली. नाही म्हणून खरं सांगावं, तर कोणाला आणि कसं?

देवयानी मात्र रडली नाही. तिचं काजळ जागच्या जागी होतं. ती शेजारी येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "सुचलं नाही ना?"

"नाही."

"एक ओळसुद्धा?"

"नाही गं."

देवयानीने तिचा हात हातात घेतला. खडूचा हात होता, तिच्या साडीला पांढरं लागलं, तरी सोडला नाही.

कार्यक्रम संपल्यावर चिटणीस पुन्हा आले. संस्थेच्या इंग्रजी वार्तापत्रात आजच्या सोहळ्याचा छोटा अहवाल द्यायचा होता. आता तुमच्याइतकं कोण लिहिणार, म्हणाले. आसावरी मराठी शिक्षकांच्या रिकाम्या खोलीत बसली आणि तिने तो तिथल्या तिथे लिहून दिला. उद्देश, कार्यक्रमाचं स्वरूप, उपस्थितांचा प्रतिसाद. फळ्याचा उल्लेख दुसऱ्या परिच्छेदात होता, अत्यंत हृद्य, असा. कुठे अडलं नाही, आणि चिटणीसांना एक शब्दही बदलावा लागला नाही.