मागची पाच घरं

मांयचे दोन्ही हात पुढे होते. तळवे वर. नखांत बांबूच्या सालीचा हिरवा रंग, चिंचेनं घासूनही न गेलेला.

समोर सायबीण आली होती. सायबीण म्हणजे मारिया मातेची लाकडी मूर्ती, काचेच्या पेटीतली. पावसाळा सरला की ती आमच्या पेडण्याकडच्या गावात क्रिस्तांवांच्या घरोघरी जाते. एका घरी एक दिवस. संध्याकाळी त्या घरची बाई पेटी उचलते आणि पुढल्या घरच्या बाईच्या हातात देते. हातातून हातात. वाटेत खाली ठेवायची नाही. मग तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायची, गाणी म्हणायची, उकडलेले चणे वाटायचे.

त्या दिवशी ती भाटकाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, घरून निघाली होती. रस्त्याला लागून पुढलं घर आमचं. पाद्रीनी मिसेला, चर्चमधल्या प्रार्थनेत, सांगितलं होतं, सायबीण सगळ्यांची मांय, ती सगळ्यांकडे येणार. मांयनं ते खरं मानलं. जमीन सारवली, मेजावर पांढरी चादर घातली, चणे उकडले.

भाटकारीण थांबली. मांयच्या हातांकडे बघितलं.

"हात आड घे गो. वाट दी."

मांयला कळलंच नाही. हात तसेच राहिले. भाटकारणीनं पेटी त्या हातांच्या वरून पलीकडच्या घरच्या बाईकडे दिली.

"तुमच्या वाड्यार सायबीण येना. पाया पडपाचें जाल्यार थंय येवन पडात."

गाणं चालूच होतं. एकाचाही सूर चुकला नाही. मी नऊ वर्षांचा होतो, दारात चण्यांचं टोप धरून उभा. दुसऱ्या दिवशी मांयनं ते चणे कोंबड्यांना घातले.

आम्ही बांबूची सुपं आणि पाटल्या, म्हणजे टोपल्या, विणणारे. कुणा पणजोबाच्या काळी बाप्तिस्मा झाला. नावं बदलली. वाडा बदलला नाही. सहा घरं. आमचं रस्त्यावर, पाच मागे. मागच्या घरांची वाट भाटकाराच्या माडांच्या भाटातून, म्हणजे बागेतून, जाते. ती वाट लक्षात ठेवा.

इथवर मी सोसणारा आहे. पुढचं लिहायला जड जातं.

मी पेडण्याला मराठी शाळेत शिकलो, डिचोलीला एका शाळेत कारकून झालो. गावात जुन्या घराच्या जागी स्लॅबचं घर बांधलं. मिसेला वाचन करू लागलो, आयतारी मुलांना दोत्रीन, म्हणजे धर्माचे धडे, शिकवू लागलो. शेजाऱ्यावर आपल्यासारखंच प्रेम करा, हे मी फळ्यावर सुंदर अक्षरात लिहीत असे. भाटकारीण वारली होती. तिच्या मुलानं, आताच्या भाटकारानं, ते अक्षर बघितलं. इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, पायऱ्यांवर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सायबिणीची यादी आतां तूं कर. तुज्या घरा ती येतली. पुण मागल्यांक घालूं नाका."

"जायत, बाब."

दोनच शब्द. मला आनंद झाला होता. तो हात खांद्यावर बराच वेळ जाणवत राहिला.

पहिल्या वर्षी सायबीण आमच्या घरी आली तेव्हा मांय बाहेर आली नाही. रांधणीत भिंतीकडे तोंड करून बांबू सोलत बसली.

"मागल्यो बायलो खंय आसात?"

"मांय, हळूहळू जातलें."

"हळूहळू त्यांकां. तुका जालें न्हय रोखडेंच!"

पेटी माझ्या बायकोनं घेतली. मांयनं मरेपर्यंत पुन्हा हात पुढे केले नाहीत. अकरा वर्षं मी यादी केली. अकरा वर्षं पाच घरं गाळली. मला कुणी बजावायचीही गरज उरली नव्हती.

गेल्या वर्षी सायबीण आमच्या घरून निघाली, तेव्हा मागच्या वाटेच्या तोंडाशी रोझी उभी होती. रोझी विधवा, मागच्या पहिल्या घरातली. जन्मभर मांयच्या शेजारी बसून विणलेली. करवंटीत मेणबत्ती लावून पायाशी ठेवलेली. हात पुढे, तळवे वर. नखं हिरवी.

"माका दी रे. एका घडयेक."

पेटी बायकोच्या हातात होती. तिनं माझ्याकडे बघितलं.

"चल," मी म्हणालो. बायकोला.

भाटकारणीनं मांयला निदान उत्तर दिलं होतं. मी रोझीकडे बघितलंही नाही.

मी कुमसार केला, पाद्रींपुढे पाप कबूल केलं. त्यांनी प्रायश्चित्त म्हणून तीन नमान मारिया म्हणायला सांगितल्या. बाकावर गुडघे टेकून म्हटल्या. संपल्या. उठलो तेव्हा ते दोन हात तसेच पुढे होते.

यंदा यादीत मी सहाही घरं लिहिली. माझ्यानंतर लगेच रोझी. इगर्जीच्या फळ्यावर कागद लावला.

परवा भाटकार आला. खुर्ची दिली तर बसला नाही.

"हीं नांवां कोणें घाल्यांत?"

"मियां."

"काड."

"काडचें ना."

हसला. "मागली वाट आमच्या भाटांतल्यान वता. तुका खबर आसा मरे?"

"आसा."

"बरें तर."

आवाज चढवला नाही. जाताना फाटक नीट लावून गेला.

काल सकाळी वाटेच्या तोंडाशी टिपरनं चिरे ओतले. आज दुसरी खेप आली. दोन माणसं दोरी धरून मापं घेताहेत. विचारलं तर बोलत नाहीत. गाणं म्हणणाऱ्या तिघींना एकाच दिवशी ताप आला. पाद्रींचा फोन आला, "ह्या वर्सा नाका, पुता. शांती उरूं दी."

वाट गेली तर माझं काही जात नाही. माझं घर रस्त्यावर. जाणार ती मागच्यांची. म्हणून दुपारी रोझीकडे गेलो. नको म्हणाली असती तर नाव खोडलं असतं. खरं सांगतो, ती नको म्हणेल तर बरं, असंही मनात आलं.

ती उंबऱ्यावर बसून चिऱ्यांकडे बघत होती.

"भियेलंस?" तिनं विचारलं.

"हय."

"माकाय भंय दिसता." ती माझ्याकडे वळली. "फाटीं परतचो ना मरे तूं? आदल्या वर्सा परतलंस तसो?"

"ना."

ती उठली. डबा काढला, चणे पातेल्यात ओतले आणि वर पाणी घातलं.

सायबीण आता माझ्या घरात आहे. उद्या संध्याकाळपर्यंत चिऱ्यांची भिंत कमरेएवढी होईल. असं केल्यानं अकरा वर्षं पुसली जाणार नाहीत. मांयलाही हे पोचणार नाही, ती गेली. भाटकार वाट अडवील. मग मी कोर्टात जाईन, माझ्या अक्षरात अर्ज लिहीन, आणि त्यात अकरा वर्षं यादी कुणी केली तेही लिहीन.

उद्या मी भिंतीवर चढेन. बायको खालून पेटी माझ्या हातात देईल. पलीकडे रोझी असेल, हात पुढे करून. पेटी त्या हातांत जाईल.