धुराड्याकडचे पाच पत्रे

बाबा पत्र्याच्या छपरांना कोटिंग लावतात. राईस मिल, गोदामं, बाजारातली मोठी दुकानं. आधी गंज खरडायचा, मग छप्पर धुवायचं, गंजलेल्या जागी प्रायमर मारायचा आणि वर पांढऱ्या कोटिंगचे दोन हात. पहिला हात लावला की दुसरा आठवड्याने. पत्रा बदलण्यापेक्षा आहे तो टिकवलेला बरा, हे ते मालकांना शांतपणे समजावून सांगतात. कॉलेजात कुणी विचारलं तर मी पूर्वी फक्त "पेंटर" म्हणायचे. आता पूर्ण सांगते.

गेल्या वर्षी त्यांचा गुडघा गेला. डॉक्टरांनी शिडी बंद केली. सिहोऱ्याजवळच्या एका मिलच्या गोदामाचं काम आलं तेव्हा ते नाही म्हणणार होते. मीच म्हटलं, रविवारी मी वर जाईन, तुम्ही खालून सांगा. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. घरात कॉलेजला जाणारी पहिलीच, त्यामुळे आपल्याला सगळं जमेल असं मला उगाच वाटायचं.

हे छप्पर नीट झालं तर बाबांचं काम पुढेही खालून चालणार होतं. बिघडलं तर ते स्वतः शिडी चढणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्यांची एक पद्धत आहे. धुतलेला पत्रा वाळला की त्यावर ओलं पांढरं फडकं फिरवायचं. फडकं पांढरं राहिलं तरच कोटिंग. आधी ते वर स्वतः पाहायचे. आता मी फडकं गोळा करून खाली टाकायचे, ते झेलून उन्हात धरून बघायचे आणि "लाव" किंवा "धू" एवढंच म्हणायचे.

पहिल्या रविवारी मिलचा हिशोब पाहणारे दिवाणजी अंगणात येऊन उभे राहिले.

"का गा, पोरीले चढवलं वर आन् तू राजावानी खाली बसला?"

"राजाचा गुडघा खराब आहे, दिवाणजी."

"कालेजात हेच शिकवून राहिले का वो बाई?"

मी वरून हसले. पत्रा इतका तापला होता की बाबांचे दोन जोड मोजे घालूनही पाय भाजत होते. पाय फक्त स्क्रूच्या रांगेवर ठेवायचा, कारण पत्र्याला खालून आधार देणारा आडवा लोखंडी बार तिथेच असतो. दिवसभर असं मोजून चालल्यावर पोटऱ्या दगडासारख्या होतात.

सकाळचं काम चांगलं झालं. दहानंतर मिलचा बॉयलर पेटला. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासाठी धान वाफवायचं, आणि बॉयलरमध्ये जाळायचा धानाचाच भुसा. धुराड्यातून बारीक राख उडते. दिसत नाही, पण बसते. धुराड्याकडचे शेवटचे पाच पत्रे उरले होते. मी ते धुतले, वाळू दिले, फडकं फिरवलं. राखाडी. खाली टाकलं.

"धू."

पुन्हा धुतले. पुन्हा राखाडी. तिसऱ्यांदाही तेच. दुपारचे तीन वाजले असतील. दुसऱ्या दिवशी माझं रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल होतं, जर्नल अर्धं होतं, आणि तुमसरची बस चुकवून चालणार नव्हतं. ही कारणं खरी आहेत. पण खरं कारण एवढंच की मी थकले होते.

चौथ्यांदा मी पिशवीतून नवं फडकं काढलं, बादलीत बुडवलं, पिळलं आणि पत्र्याला न लावताच खाली टाकलं.

बाबांनी ते उन्हात धरलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहिलं, असं मला आता वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं.

"लाव," ते म्हणाले. "थकली असशीन, बेटा. एवढं झालं का चाल."

त्या "थकली असशीन"चं ओझं मी पुढचा आठवडाभर वाहिलं. प्रॅक्टिकलला काचेची नळी तीनतीनदा धुतली. मॅडम म्हणाल्या, पुरे झालं.

दुसऱ्या रविवारी दुसरा हात लावायला चढले. बाकीच्या छपरावर रोलर नीट फिरला. धुराड्याकडे आले आणि रोलरला काहीतरी चिकटलं. उचलला तर पहिल्या हाताचा पांढरा पापुद्रा त्याच्याबरोबर सोलून आला, कांद्याच्या सालीसारखा. दुसरा पत्राही तसाच. हाताने दाबून बसवता येतंय का, हेसुद्धा मी पाहिलं. तेवढ्यात वारा आला आणि एक लांब तुकडा उडून अंगणात पडला.

बाबांनी तो उचलला. उलटा केला. खालच्या बाजूला राख होती.

"त्या दिवशीचं फडकं पत्र्यावर फिरवलं होतं का?"

"नाही."

त्यांनी चपला काढल्या आणि शिडीला हात घातला.

"बाबा, नका चढू. मी सगळं खरडीन."

ते दोन पायऱ्या चढले. तिसरीवर गुडघा वाकला नाही. थोडा वेळ ते तसेच शिडीला कपाळ टेकून थांबले. मी वर, ते मध्येच. मग ते एकेक पाय चाचपत उतरले.

दिवाणजी आलेच. "का झालं गा? पापड निघून राहिले का?"

"आमच्याकडून राखेवर कोटिंग लागलं," बाबा म्हणाले. "पाच पत्रे पुन्हा करून देतो. दुपारपर्यंत बॉयलर बंद ठेवा."

"तुह्या पाच पत्र्यांसाठी मिल बंद ठेवू?"

"आज नाही ठेवला, तर पुढच्या वर्षी पत्रेच बदलावे लागतीन. मंग आमाले सांगू नोका."

दिवाणजी पुटपुटत गेले, पण बॉयलर दुपारपर्यंत थांबला. धान वाफवणारी माणसं सावलीत बसून माझ्याकडे पाहत होती. मी लोखंडी पट्टीने खरडत होते. नखांखाली पांढरं आणि राखाडी दोन्ही भरलं. बाबा दोरीला बांधून पाण्याच्या बादल्या वर पाठवत होते.

पत्रे वाळले. फडकं फिरवलं. पांढरं होतं. मी ते गोळा करून खाली टाकलं. ते त्यांच्या पायाशी पडलं, त्यांनी उचललं नाही.

"बाबा, पाहा ना."

"मले काहून दाखवतं? वर तू आहेस. तूच पाह्य."

ही शिक्षा होती की काम माझ्या हाती दिलं होतं, मला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही, आजही झालेली नाही. मी दुसरं फडकं ओलं केलं आणि पाचही पत्र्यांवरून पुन्हा एकदा फिरवलं, कोपऱ्यापर्यंत. उन्हात धरून पाहिलं. मग स्वतःलाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात "लाव" म्हटलं आणि रोलर उचलला.