अळणी खलनायक

वेडाच्या भरात होतो तेव्हा मी फारच दिलदार माणूस होतो, असं माझं आजही प्रामाणिक मत आहे. झोप नको, जेवण नको. पोंभुर्ण्याच्या आठवडी बाजारात उभा राहून मी येणाऱ्याजाणाऱ्याला शेतं वाटत होतो, आणि त्यातली एक वीतही माझी नव्हती. मग तोच दानशूर अख्खा पावसाळा खाटेवरून उठेना. तोंड धुवायचं म्हटलं तरी रडू यायचं. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की दानशूर आणि रडका, दोघांचा आजार एकच. त्यांनी लिथियमच्या गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांनी दोघांनाही हळूहळू घराबाहेर काढलं आणि मागे मी उरलो.

गावाला मात्र हे पटेना. मी पानठेल्यावर गेलो की गप्पा बंद. म्हणून त्या हिवाळ्यात नाटकातली जमीनदाराची भूमिका मला मिळाली तेव्हा मी हवेतच होतो. धान निघालं की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं होतात, आणि शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, दिवशीचं नाटक म्हणजे वर्षाचा मानाचा प्रसंग. आदल्या वर्षी हीच भूमिका आजारपणात हातची गेली होती. आता पुन्हा गेली असती तर मला परत कुणी स्टेजवर उभं केलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दिग्दर्शक होते गावचे टेलरभाऊ. नायिका वडशाच्या नाटक कंपनीतून थेट नाटकाच्या दिवशी यायची, म्हणून तालमीत तिची वाक्यं किराणा दुकानदार बोलायचा, भरघोस मिशांसकट. दुसऱ्या अंकात मी त्याला विष कालवलेलं दूध द्यायचं. गोळीमुळे माझा हात जरासा थरथरायचा. डॉक्टरांनी ते आधीच सांगून ठेवलं होतं. पण दूध सांडलं ते थेट नायिकेच्या मिशांवर.

"काऊन बे," टेलरभाऊ ओरडले, "तुले तिले विष पाजाचं हाये का आंघोळ घालाची हाये?"

"अशक्तपणा हाये त्याले," नायिका मिशा पुसत म्हणाली.

झालं! अशक्तपणा हा शब्द उच्चारला की आमच्याकडे प्रत्येक जण वैद्य होतो. शाळेच्या मास्तरांनी माशाच्या तेलाच्या पिवळ्या गोळ्या दिल्या. कुणी लाल टॉनिकची बाटली आणली, कुणी ताकदीच्या पावडरचा डबा. शेजारच्या म्हातारीने जवसाचे लाडू पाठवले. आमची माय हे सगळं फळीवर असं मांडायची की जणू प्रदर्शनच भरलं आहे.

टेलरभाऊ तिला म्हणाले, "बाई, टॉनिक लागू पडलं का त्या गोळ्या फेकून द्या. गोळ्यांनंच पोरगा खंगून राह्यला."

"भाऊ, तुमी कपडे शिवा," माय म्हणाली. "गोळी चालूच राहीन. जे काय द्याचं ते गोळीच्या वरून."

हे वाक्य सोन्याचं होतं. मी आज तुमच्याशी बोलतो आहे तो त्या वाक्यामुळे. पण त्याच वाक्याने आमची जी फजिती केली, ती ऐका.

शेवटी माय मला वैदूकडे घेऊन गेली. शांत म्हातारा. जंगलातल्या पांढऱ्या मुळीची भुकटी त्याने पुडीत बांधून दिली. दुधातून घ्यायची. आम्ही उठलो, आणि माय दारात थबकली.

"पथ्य?"

आता यातली गोम सांगतो. आमच्याकडे पथ्याशिवाय औषधाला वजन नाही. काहीच सोडायला सांगितलं नाही, तर औषध देणारा नवशिका ठरतो. म्हाताऱ्याने छपराकडे पाहत विचार केला.

"अळणी खाय. मीठ बंद. नाटक होतपर्यंत."

मायचा चेहरा फुलला. आणि मी, ज्याने जन्मात कुणाचं ऐकलं नाही, तो नेमका तेव्हाच आज्ञाधारक झालो! अळणी वरण तुम्ही खाल्लं आहे का? ते तोंडात येतं आणि काहीच न बोलता निघून जातं. अळणी वांग्याची भाजी तर भलतीच दुःखी. तरी भूमिकेसाठी मी सगळं गिळलं. गोळी वेळच्या वेळी, मुळी वेळच्या वेळी, आणि मिठाचा कणही नाही.

हात थरथरायचा तो आता गदागदा हलू लागला. उलट्या सुरू झाल्या. चालताना पाय वाकडे पडायचे, आणि "ही हवेली माझी आहे" हे वाक्य तोंडातून लापशीसारखं सांडायचं. "मुळी अंगातली गरमी काढून राह्यली," असं सगळ्यांचं मत पडलं. मायने पथ्य आणखी कडक केलं.

"घेऊन आला का बे?" टेलरभाऊंनी माझं तोंड हुंगलं. वास आला नाही, तेव्हा ते जास्तच घाबरले. त्याच संध्याकाळी मी स्टेजच्या पायरीवर कोसळलो. मला उचलून नेत असताना कानावर शब्द आले, "जमीनदार आता मीच करतो." टेलरभाऊंना तो संवाद पाठही होता, लबाडाला!

सकाळच्या एस.टी.ने मायने मला चंद्रपूरला नेलं. डॉक्टरांपुढे तिने पिशवी उपडी केली. त्यांनी एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली. "हे घेऊ द्या. हे उगाच. ही मुळी मला माहीत नाही, म्हणून नको." मग विचारलं, "जेवतो काय?"

"नेहमीसारखंच, साहेब. तुमीच सांगलं होतं ना, जेवण नेहमीसारखं ठेवा म्हणून. भात, वरण, भाजी." माय अभिमानाने थांबली. "फक्त अळणी."

डॉक्टर खुर्चीतून उठलेच.

"बाई, ही गोळी म्हणजे एक प्रकारचं मीठच आहे. साधं मीठ बंद केलं की शरीर हिलाच धरून ठेवतं, बाहेर जाऊ देत नाही. रोज साठत गेली. आणखी थोडं थांबला असतात तर पोरगा हातचा गेला असता."

मायचं तोंड एवढंसं झालं. गोळ्या लगेच थांबल्या, रक्त तपासायला गेलं, मला खाटेवर झोपवून सलाईन लावलं.

"बाटलीत काय हाये?" मायने नर्सला विचारलं.

"मिठाचं पाणी."

मायने उठून बाटली निरखली. मग म्हणाली, "हे तर मी घरीच दिलं असतं."

पाय सरळ पडू लागले, जीभ वळू लागली. रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली, आधीपेक्षा कमी. टॉनिक असो, उपास असो की पथ्य, आधी विचारायचं, असा दम भरला. परत आल्यावर माय वैदूला जाब विचारायला गेली. तो म्हणाला, "बाई, हा चंद्रपूरची गोळी खाते हे मले कोन सांगलं? मंग मुळी राहू द्या. पथ्य बदलून देतो. दुपारी झोपाचं नाई." डॉक्टरांना विचारलं, ते हसले. मुळी गेली, पथ्य राहिलं, माय खूश.

आता टेलरभाऊ. त्यांनी स्वतःच्या मापाचा जमीनदारी कोट शिवायला घेतला होता. मी त्यांच्या दुकानातच उभा राहिलो आणि हवेलीचा संपूर्ण संवाद म्हटला. एक शब्द सांडला नाही. त्यांचं मशीन थांबलं. कोटाकडे पाहत ते म्हणाले, "उसवून देतो. तुह्यं माप सांग." आणि मोठ्या दुःखाने स्वतः नाटकातले इन्स्पेक्टर झाले.

शंकरपटाच्या नाटकाला मंडप खचाखच भरला होता. दुसऱ्या अंकात मी पेला उचलला, आणि समोर बसलेली जवसाच्या लाडवांची म्हातारी ताडकन उठली.

"नको पिऊ वो पोरी! इख हाये त्याच्यात! अन् तू रे मुडद्या, मायले खाल्लं का बापाले? किडे पडतीन तुह्या हाताले!"

सगळा मंडप तिच्यामागे उठला. त्यात कुणी वेडा म्हणालं नाही. जमीनदार म्हणूनच मला मनसोक्त शिव्या पडत होत्या. आनंदाने मी पुढचं वाक्यच विसरलो. स्टेजपुढच्या खड्ड्यात बसलेला प्रॉम्प्टर ते परत परत सांगत होता. विंगेतून इन्स्पेक्टर दात खाऊन पुटपुटत होते, "बोल बे, बोल!"

मी नाही बोललो. म्हातारीचं पूर्ण होऊ दिलं.