गरुडाच्या डोळ्यांनी

मंडळी, आज आमच्या अमळनेरच्या घरी माझ्या योगासनांच्या चटईचा वध झाला. मी तिच्यावर फक्त शवासन करत असे, हा तपशील गौण आहे.

वध केला आमच्या कन्येने, मुग्धाने. कॉलेजच्या वेशभूषा स्पर्धेसाठी तिने चटई कापून त्या फोमचं गरुडाचं शिरस्त्राण बनवलंय. त्याला बाहेर बघायला भोकंच नाहीत. गरुडाच्या डोळ्यांत दोन इवले कॅमेरे, आणि आत आपल्या प्रत्येक डोळ्यासमोर एक छोटा पडदा.

"बाबा, मान जपून हलवा. वायर निघाली तर श्लोक म्हणून जोडता येणार नाही."

मी ते डोक्यावर चढवलं. तिने झूमचं बटण दाबलं, तशी समोरच्या गच्चीवर वाळणारी मिरची थेट हातावर येऊन बसली. दिव्यदृष्टी हा शब्द मी संस्कृतच्या वर्गात जन्मभर शिकवला. दिसली ती आज, माझ्याच चटईतून.

मग परीक्षकाच्या थाटात म्हणालो, "डाव्या पडद्याचा खालचा भाग काळा आहे. दुरुस्त कर."

तिने स्वतः घालून पाहिलं आणि काढून ठेवलं. "बाबा, दोन्ही नीट चालू आहेत."

"काय व्हयनं?" सौ.ने स्वयंपाकघरातून विचारलं.

मी उजवा डोळा झाकून मुग्धाकडे पाहिलं. तिचं कपाळ दिसलं, हनुवटी दिसेना.

हे धुळ्याला डोळ्यांच्या दवाखान्यात बसून लिहितोय. उजवा डोळा इतके दिवस डाव्याचं सांभाळून घेत होता, मला पत्ताच नाही. तुम्ही कधी एकेक डोळा झाकून पाहिलंय का? आज पाहा.

चटई नवी आणता येईल. दुसरा डोळाही असाच गेला तर काय, याची मला भीती वाटतेय.