थांब हं, शोधतेय

ऑफिसात सगळे त्याला मास्तर म्हणत. मोठ्या कंपन्यांची वेब-पोर्टलं बांधताना तो जावा या संगणकभाषेत सुटे भाग असे लिही, की एकच भाग दहा ठिकाणी चपखल बसे. शेजारच्या खुर्चीवरच्या मित्राला त्यानंच बोट धरून जावा शिकवली होती.

पोर्टलवर माहिती शोधून देणारा नवा भाग मास्तरनं घरी बसून लिहिला आणि विश्वासानं आधी मित्राला तपासायला दिला. तो वरिष्ठ मॅडमना पसंत पडला, तर टीम मास्तरच्या हाती येणार होती.

बैठकीत मित्रच उठला. "मॅडम, मी एक छोटंसं काहीतरी केलंय."

त्यानं बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली: 'थांब हं, शोधतेय.'

हे शब्द मास्तरनंच त्या भागात लिहिले होते. लहानपणी त्याचे मोजे हरवले, की आई असंच म्हणायची. हे त्यानं फक्त मित्राला सांगितलं होतं.

मॅडम हसल्या. "शोधतेय? पोर्टल बाई आहे वाटतं! कसं सुचलं रे?"

आपला कोड म्हणून भांडायला मास्तर खुर्चीतून अर्धा उठला होता.

"माझी आई म्हणायची, मॅडम," मित्र म्हणाला.

कोड आपला हे दाखवता आलं असतं; आई आपली हे कसं दाखवणार? मास्तर खाली बसला.