माझं वऱ्हाडी समजणारं यंत्र

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगते आहे? ठरवलं आहे म्हणून, एवढंच.

मी चांगली बोलते. उगाच खोटी नम्रता नको. वर्ध्यात इंजिनिअरिंगच्या मुलांना संगणक शिकवते, आणि माइक हातात आला की मला मजा येते. त्या विभागीय तंत्रज्ञान परिषदेत माझ्या आधी एक गृहस्थ क्वांटम कॉम्प्युटिंगवर बोलून गेले होते. अर्धं सभागृह पेंगत होतं. मी उठले आणि सगळे सावरून बसले.

माझा विषय होता बोलीभाषा समजणारी कृत्रिम बुद्धिमत्ता. शेतकऱ्यानं मोबाइलवर वऱ्हाडीत विचारायचं, यंत्रानं उत्तर द्यायचं. आम्हीच ते बनवलं होतं, माझ्या विद्यार्थ्यांचे आवाज ऐकवून शिकवलं होतं. आता गंमत बघा — ही पोरं कॅन्टीनमध्ये अस्सल वऱ्हाडी बोलतात. पण समोर मॅडम, पुढ्यात माइक, म्हटल्यावर एकेक जण असा जपून बोलला, जसा काही मुलगी पाहायला आलाय. यंत्र तेवढंच शिकलं. घरातली, शेतातली, भरभर बोललेली वऱ्हाडी त्याच्या डोक्यावरून जात होती.

मला हे माहीत होतं? होतं. परिषदेआधी आष्टीहून दादाचा फोन आला, तेव्हा मी त्याचं बोलणं गुपचूप यंत्राला ऐकवून पाहिलं होतं. त्याला एकही वाक्य कळलं नाही. तरी व्यासपीठावरून मी छातीठोकपणे सांगितलं — कोणतीही वऱ्हाडी, कुणाचीही.

एवढंच असतं तर मी पचवलं असतं. परिषदेत थोडं वाढवून कोण बोलत नाही?

पण मग मी म्हटलं, कुणीही यावं आणि विचारून पाहावं. कोण उठणार हे मी आधीच ठरवून, त्याला पढवून ठेवलं होतं. त्याच्या आधी दादा उठला. माझा सख्खा थोरला भाऊ. वांग्या-टोमॅटोचं शेत आणि बाजाराचा दिवस वहिनीवर सोडून, इस्त्रीचा शर्ट घालून, बहिणीचं भाषण ऐकायला आला होता. त्याला वाटलं, कुणी उठत नाही, तर आपणच मदत करावी.

“वांग्याचे पानं पिवळे पडून राह्यले, काय मारू आता?”

माफ करा, आपला प्रश्न समजला नाही, यंत्र म्हणालं. त्यानं पुन्हा विचारलं, मोठ्यानं. पुन्हा तेच उत्तर. पहिल्या रांगेत प्राचार्य होते, कंपन्यांची माणसं होती. आणि मी — मी हसले. हसून म्हणाले, “काका, जरा शुद्ध बोला ना.”

काका म्हणाले मी त्याला. सभागृह खदखदून हसलं.

घाबरले होते का? मी घाबरत नाही. त्या क्षणी तो मला माझा नको होता — हे असं आहे, आणि दुसऱ्या कुठल्याही शब्दांत मला ते सांगता येत नाही.

दादानं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग माइककडे वाकला आणि पाठ्यपुस्तकासारखं, एकेक शब्द तोडून म्हणाला, की वांग्याची पाने पिवळी पडत आहेत, कोणती फवारणी करावी. यंत्रानं लगेच उत्तर दिलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. तो मी हात जोडून स्वीकारला. त्यानं मला वाचवलं होतं, आणि हा माझा भाऊ आहे हे सांगायला अजूनही वेळ होता. नाही सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत पाहिलं तर तो निघून गेला होता.

पुढे आम्ही यंत्र सुधारलं. आता त्याला भरभर बोललेली वऱ्हाडीही कळते. त्यावर बोलायला मला लोक बोलावतात, आणि मी जाते.

दादानं तो विषय कधी काढला नाही. पूर्वी त्याचा फोन यायचा तो “काऊन वं बेबी, इकडे येऊनच नाई राह्यली?” असाच. आता मीच फोन लावते. मागे तो वहिनीशी वऱ्हाडीत मोठमोठ्यानं बोलत असतो, ते ऐकू येतं. मग फोन कानाला लावतो आणि विचारतो, “तू कशी आहेस? घरी सगळे बरे आहेत ना?”